भुशाचा बंदोबस्त

(चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे आहेत. येथे अनेक घरांत सुतारकाम चालते. लाकडाच्या बारीक धुळीमुळे होणारा त्रास आणि त्यावर घरच्या घरी करता येणारे उपाय लेखिकेने या पाठात सांगितले आहेत.)

विद्यार्थी मित्रांनो, 'गर्द' हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. उर्दूत गर्द म्हणजे धूळ. हा शब्द मराठीतही आहे. पण मराठीत गर्द म्हणजे दाट. गर्द झाडी, गर्द रान असे आपण म्हणतो. आपल्या भागात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. गर्द रानातून लाकूड येते आणि त्या लाकडातून गर्द उडते.

१९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. दोन्हीकडे साग, ऐन, बिजा, शिवण अशी मोलाची झाडे आहेत. आलापल्लीचा सागवान तर दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. बल्लारशाहच्या लाकूड आगारात ओंडक्यांचे ढीग लागतात आणि त्यांचा लिलाव होतो. साहजिकच या भागात सुतारांची कमी नाही. काहींचे दुकान बाजारात असते, तर काहींचे घरीच.

माझ्या मामूंचे दुकान घरीच आहे. बल्लारपूरला त्यांच्या घरामागे टिनाचे शेड आहे. तेथे ते दारे, खिडक्या, दिवाण आणि पाळणे बनवतात. माझा मामेभाऊ नववीत शिकतो. शाळा सुटली की तोही अब्बांना मदत करतो. रंधा आणि पटाशी अजून त्याच्या हाती देत नाहीत. पॉलिश पेपरने लाकूड घासायचे काम मात्र त्याचेच.

मागच्या वर्षी सुटीत मी त्यांच्याकडे गेले होते. दुपार होती. टिनाला एक भोक होते आणि त्यातून उन्हाचा कवडसा आत आला होता. त्या कवडशात धुळीचे असंख्य कण नाचत होते. भाऊ मान खाली घालून पाळण्याची पट्टी घासत होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो सारखा शिंकत होता. थोड्या वेळाने अजान झाली. मामू हात झटकून उठले आणि नळापाशी वजू करू लागले. त्यांनी नाकात पाणी घेतले. बाहेर पडलेले पाणी तपकिरी होते.

"मामू, रोज असेच पाणी येते का?" मी विचारले.

मामू हसले. "बेटी, चाळीस वर्षे झाली. हा तर आमच्या रोजीचा सुगंध आहे. लाकडाच्या भुशाने कधी कोणी आजारी पडतो का?"

मुलांनो, मामूंचे काय चुकले, ते पाहा. चंद्रपुरात कोळशाची काळी धूळ सर्वांनी पाहिली आहे. ती वाईट आहे, हे लहान मूलही सांगेल. लाकडाची धूळ मात्र रंगाने सौम्य आणि वासाला गोड असते. म्हणून तिची भीती वाटत नाही. पण सागात काही नैसर्गिक द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे सागाला वाळवी सहसा लागत नाही. तसलीच काही द्रव्ये माणसाच्या त्वचेला आणि नाकाला झोंबतात. कोणाला खाज सुटते, कोणाला शिंका येतात, तर कोणाला दमा लागतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचे गाव आहे. लाकडी खुर्च्यांसाठी ते फार प्रसिद्ध होते. तेथे एस्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या डॉक्टर काम करत होत्या. नाकाच्या आतल्या भागाचा एक दुर्मीळ कर्करोग फर्निचरच्या कारागिरांनाच जास्त होतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णांची माहिती गोळा केली आणि १९६८ साली ती प्रसिद्ध केली. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीमुळे माणसाला कर्करोग होतो, असे जाहीर केले. हा रोग क्वचितच होतो. पण तो अनेक वर्षे धूळ नाकात गेल्यावर होतो. म्हणून 'चाळीस वर्षांत काही झाले नाही' असे म्हणून गप्प बसता येत नाही.

सर्व भुसा सारखा नसतो. रंध्याने निघालेल्या सालपट्या जमिनीवर पडतात. करवतीचा जाड भुसाही खाली बसतो. खरा धोका घासकामातून निघणाऱ्या बारीक धुळीचा असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर एका भागाला एक मायक्रॉन म्हणतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. धुळीचे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. ते बराच वेळ हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. थोडे मोठे कण नाकातच अडकतात. म्हणजे जो ढीग दिसतो, त्याच्यापेक्षा जे दिसत नाही, त्याची काळजी जास्त.

हे मामूंना कसे पटवावे? मी भावाला त्याची जुनी पाटी आणायला सांगितले. आम्ही ती धुऊन कोरडी केली आणि घरातल्या खोलीत, मामूंच्या लहान नातीच्या पाळण्याजवळ ठेवली. सकाळी पाटीवर भुरकट थर बसला होता. भावाने बोटाने तिच्यावर आपले नाव लिहिले. मामूंनी ते वाचले. मग पाळण्याकडे पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"हे तर मी रोज पुसते," मुमानी म्हणाल्या. "माठाच्या झाकणावरही हेच असते."

"सांग बेटी, काय करायचे?" मामू म्हणाले.

आम्ही प्रथम जुन्या सवयी तपासल्या. शेडमध्ये एक टेबल पंखा होता. तो सुरू केला की समोरची धूळ निघून जाई. पण ती घरात जाई. संध्याकाळी कोरड्या झाडूने झाडत असत. त्यामुळे खाली बसलेली धूळ पुन्हा वर उडे. तोंडाला रुमाल बांधत असत. पण रुमालाच्या विणीतून बारीक कण सहज आत जातात. धूळ पकडण्याऐवजी आम्ही ती फक्त इकडून तिकडे हलवत होतो!

धुळीच्या बंदोबस्ताचा पहिला नियम असा : धूळ जेथे निर्माण होते, तेथेच ती पकडावी. एकदा हवेत पसरली की ती हाती लागत नाही.

याची परीक्षा तुम्ही वर्गातही घेऊ शकता. कागदाची एक पातळ पट्टी वीतभर अंतरावर धरा आणि तिच्यावर फुंकर मारा. पट्टी हलेल. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढा. पट्टी जागची हलणार नाही. फुंकर दूर जाते, पण ओढ दूर जात नाही. नळीच्या तोंडापासून नळीच्या रुंदीइतके लांब गेले, की हवेची ओढ जवळजवळ दहाव्या हिश्शावर येते. म्हणून धूळ ओढणारी नळी कामाच्या अगदी जवळ हवी.

मामूंनी चंद्रपूरच्या बाजारातून एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आणला. त्याची नळी घासण्याच्या यंत्राच्या मागच्या तोंडाला घट्ट बसवली. कटर मशीनसाठी तेलाचा रिकामा डबा कापून एक तोंड तयार केले. करवतीचे दात ज्या बाजूला भुसा फेकतात, त्या बाजूला ते लावले. नळी लांब असली, फार वळणांची असली किंवा तिच्या जोडांत फटी असल्या, तर ओढ कमी होते. म्हणून नळी आखूड ठेवली, वळणे कमी केली आणि जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली.

पण एक नवी अडचण आली. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी थोड्याच वेळात भुशाने भरे आणि ओढ मंदावे. यावर आम्ही रंगाच्या रिकाम्या बादलीचा उपाय केला. बादलीच्या घट्ट झाकणाला दोन भोके पाडली. कडेच्या भोकातून धुळीची हवा आत येते. तेथे आतून वाकडा पाइप बसवला, म्हणजे हवा बादलीच्या भिंतीला धरून गोल फिरते. मधल्या भोकातून हवा व्हॅक्यूम क्लीनरकडे जाते. हवा भोवऱ्यासारखी फिरू लागली की जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि तळाशी पडतात. पिशवीकडे थोडीच धूळ जाते.

मोठ्या आरागिरण्यांच्या छपरावर पत्र्याचे मोठे शंकू असतात. त्यांचे कामही असेच चालते. जेम्स डायसन या इंग्रज संशोधकाने आरागिरणीवर असा शंकू पाहिला आणि त्यावरून पिशवी नसलेला व्हॅक्यूम क्लीनर बनवायचे ठरवले. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने तयार केले! आमची बादली तिसऱ्या प्रयत्नात जमली. दोनदा झाकणातून हवा गळत होती.

व्हॅक्यूम क्लीनर आम्ही शेडच्या बाहेर, घराच्या विरुद्ध बाजूला ठेवला. त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेतही थोडी बारीक धूळ असते. त्याच बाजूच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला. विजेची जोडणी वायरमनकडून करून घेतली. मुलांनो, ते काम तुम्ही स्वतः करू नका.

साफसफाईची रीतही बदलली. आता जमीन ओल्या फडक्याने पुसतात. भुसा पोत्यात भरून पोत्याचे तोंड बांधतात. शेडमध्ये बिडी ओढायची नाही, असा मुमानींचा हुकूम आहे. तो योग्यच आहे. हवेत दाट उडालेली बारीक धूळ ठिणगी लागताच भडकते. काम संपल्यावर भाऊ कपडे बाहेरच बदलतो आणि मगच भाचीला उचलून घेतो.

मास्कचे काय? चांगला एन-९५ मास्क उपयोगी पडतो. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. मामूंना दाढी आहे. दाढीमुळे मास्कच्या कडेला फट राहते आणि तेथून धूळ आत शिरते. म्हणून मास्क हा शेवटचा उपाय. धूळ उडू न देणे हा पहिला उपाय. आणि खोकला बरेच दिवस राहिला, नाकाची एकच बाजू सतत बंद राहिली किंवा नाकातून रक्त आले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

ईदला मी पुन्हा बल्लारपूरला गेले. रात्री पाळण्याजवळ पाटी ठेवली. सकाळी ती अगदी कोरी नव्हती, पण तिच्यावर बोटाने नाव लिहिता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये काम चालू होते. अजान झाली. मामू नळापाशी गेले आणि त्यांनी नाकात पाणी घेतले. मग मला हाक मारली.

"बेटी, पाहा."

पाणी स्वच्छ होते.

मित्रांनो, रोजी कमावणारे हात आपल्याला प्रिय असतात. त्या हातांच्या माणसाचा श्वासही तेवढाच जपला पाहिजे. तुमच्या घरी किंवा शेजारी लाकूड घासले जात असेल, तर आज रात्री एक पाटी ठेवून पाहा.

शब्दार्थ
भुसा – लाकडाचा बुरादा
ओंडका – झाडाच्या खोडाचा तोडलेला मोठा तुकडा
रंधा – लाकूड गुळगुळीत करण्याचे हत्यार, रंदा
पटाशी – लाकूड कोरण्याचे धारदार हत्यार
कवडसा – छिद्रातून येणारी उन्हाची तिरीप
झोंबणे – आग होणे, चुरचुरणे
वाळवी – लाकूड खाणारा कीटक, दीमक
वीत – अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर
आरागिरणी – यंत्राने लाकूड चिरण्याचा कारखाना

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) आलापल्ली कशासाठी प्रसिद्ध आहे?
(२) लेखिकेने पाटी कोठे ठेवली?
(३) एक मायक्रॉन म्हणजे किती?

प्र. २. कारणे लिहा.
(१) लाकडाच्या धुळीची लोकांना भीती वाटत नाही.
(२) व्हॅक्यूम क्लीनर शेडच्या बाहेर ठेवला.
(३) मामूंच्या बाबतीत मास्क हा शेवटचा उपाय आहे.

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(१) "हा तर आमच्या रोजीचा सुगंध आहे."
(२) "सांग बेटी, काय करायचे?"

प्र. ४. बादलीत भुसा कसा पकडला जातो, ते चार-पाच वाक्यांत लिहा. आकृती काढा.

प्र. ५. 'गर्द' या शब्दाचा उर्दूत एक अर्थ आहे आणि मराठीत दुसरा. 'खाली' या शब्दाचे दोन्ही भाषांतील अर्थ लिहा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.

उपक्रम : तुमच्या गावातील एका सुतारकाकांना भेटा. त्यांच्या हत्यारांची मराठी आणि उर्दू नावे विचारून यादी करा. धुळीसाठी ते काय काळजी घेतात, तेही लिहा.