आठवड्याचा अंदाज पाहून भात कापायचं कसं

ठाणे जिल्ह्यातल्या शेलारहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की गोदामांच्या मधूनमधून अजून खाचरं दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती पिवळी पडतात आणि नेमका तेव्हाच पाऊस जाऊ की राहू करत असतो. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान विभागाने २०२० साली २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हळव्या भाताची कापणी पावसाच्या तोंडावरच यायची, हे धरूनच चाला.

आधी शेत बघा. लोंबीतले शंभरातले ऐंशी-नव्वद दाणे पिवळे झाले आणि दाणा दाताखाली कट्‌कन फुटला, की भात तयार. त्याआधी आठ-दहा दिवस बांधाला तोंड पाडून खाचरातलं पाणी काढून टाका.

मग अंदाज. कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज उघडा आणि ठाणे जिल्ह्याची ओळ वाचा, मुंबईची नव्हे. सोबत पालघरचीही बघा, वाडा तिकडेच. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी सल्लाही वाचा. अंदाजातल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्या थोड्यांत आपलं शेत नसेलच असं नाही. ‘हलका पाऊस’ म्हणजे दिवसाला साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत. उभ्या पिकाला त्याचं काही वाटत नाही, पण कापून पसरलेली कडपं तेवढ्यानेही भिजतात आणि पाण्यात पडून राहिली तर दाण्याला मोड येतात. म्हणून कापणीच्या आठवड्यात अंदाजातला ‘इशारा नाही’ सांगणारा हिरवा रंग बघून निर्धास्त होऊ नका, पावसाचे शब्दही वाचा.

कापणीआधीच्या तीन संध्याकाळी आकाशही पाहा. या दिवसांत सकाळ लख्ख असते, दुपारी ऊन भाजतं आणि चारनंतर पूर्वेला माहुलीच्या डोंगराच्या अंगाला ढग चढतात. ते आपल्याकडे सरकू लागले तर दुसऱ्या दिवशीची कापणी थांबवा. वीज कडाडली तर विळा खाली ठेवून पक्क्या घरात जा. झाडाखाली मुळीच नको.

आता दिवस मोजा, तेही उलटे. झोडणी कधी करणार ते आधी ठरवा. एक दिवस कापायला, दोन दिवस वाळायला, चौथा भारे बांधून आणायला. असे चार कोरडे दिवस अंदाजात सलग दिसले तरच विळा लावा, आणि घरची माणसं व मजूर मिळून जेवढं उचलता येईल तेवढंच कापा. सगळं शेत एका दमात आडवं करण्याची घाई मला सर्वांत धोक्याची वाटते. भारे सकाळी दव असतानाच बांधा, म्हणजे दाणे गळत नाहीत. पण ते पुरते वाळल्याशिवाय उडवीत रचू नका.

‘मोसमी पाऊस परतला’ ही बातमी आली तरी अंदाज बघणं सोडू नका. २०१९ साली पाऊस परतून गेला होता, आणि दिवाळीतच अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं. कोकणात कापलेलं भात शेतातच भिजलं.

उद्या विळा लावायचा असेल, तर आज रात्रीचा अंदाज बघूनच मजुरांना सांगा.