घरगुती सुतारकाम : आधीं मेज, मग इतर सामान

सुतारकामाची हौस उत्पन्न झालेला विद्यार्थी बहुधा प्रथम खुर्चीच करावयास घेतो. चार पाय, एक बैठक व एक पाठ, यांत कठीण तें काय, असें त्यास वाटतें. परंतु रंधा मारतांना फळी पुढें सरकते, खाच पाडतांना फिरते व करवतीखालीं थरथरते. एका हातानें लाकूड धरावें तर हत्यारास एकच हात उरतो. शेवटीं तयार झालेली खुर्ची तीन पायांवर उभी राहते आणि चौथा पाय अधांतरीं राहतो. अशा वेळीं दोष हाताला दिला जातो. वास्तविक तो पुष्कळदां लाकूड घट्ट न धरल्याचा असतो. म्हणून ज्यास घरीं स्वतःच्या हातांनीं सामान करावयाचें आहे, त्यानें सर्वांच्या आधीं काम करण्याचें मेज करावें. तें कसें करावें, व त्याचा प्रत्येक भाग तसाच कां असावा, याचा विचार या लेखांत केला आहे.

आपल्याकडील जुना सुतार बहुधा मेजावांचूनच काम करी. तो जमिनीवर बसून, पायाच्या बोटांत किंवा टाचेखालीं लाकूड दाबून धरी. जुन्या वाड्यांतील कोरीव खांब व महिरपी पाहिल्या म्हणजे त्या पद्धतींत कांहीं उणें नव्हतें हें कळून येतें. परंतु त्याच्या पायांना लहानपणापासून वळण लागलेलें असे. तें आपणांस नाहीं. युरोपांत रोमन काळापासून मेजाचा उपयोग होत आला आहे. आंद्रे-जाकोब रूबो या पॅरिस येथील सुतारानें १७६९ सालापासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जें जाड फळीचें व चार भक्कम पायांचें मेज दाखविलें आहे, त्याच धर्तीचीं मेजें आजहि हौशी लोक करितात.

हातकामास शाळेंत स्थान असावें हा विचारहि जुना आहे. फिनलंड देशांत १८६६ सालीं प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमांत हस्तोद्योगाचा समावेश झाला. स्वीडनमध्यें ऑटो सालोमन यांनीं त्यासाठीं शिक्षक तयार केले. आपल्या इकडे १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षण-परिषदेंत महात्मा गांधींनीं उद्योगाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना मांडली. या सर्वांचा हेतु प्रत्येक मुलास सुतार करावें असा नव्हता. जें डोक्यास कळलें असें वाटतें, तें हातास खरोखर कळलें आहे कीं नाहीं याची परीक्षा व्हावी, हाहि त्यांत एक मोठा हेतु होता.

लाकडाचा स्वभाव

सुतारानें प्रथम ओळखावयाची गोष्ट ही कीं, झाड तोडलें तरी लाकूड हालावयाचें थांबत नाहीं. ओल्या लाकडाच्या पेशींच्या पोकळींत पाणी असतें व पेशींच्या भित्तींतहि असतें. वाळतांना प्रथम पोकळींतील पाणी जातें. त्यानें लाकूड हलकें होतें, पण आकसत नाहीं. ओलावा शेंकडा ३० च्या सुमारास आला म्हणजे भित्तींतील पाणी कमी होऊं लागतें, आणि तेथून आकसण्यास आरंभ होतो. पूर्ण वाळेपर्यंत सागवान वार्षिक कड्यांच्या दिशेनें शेंकडा सुमारें साडेपांच, व गाभ्याकडून सालीकडे शेंकडा सुमारें अडीच आकसतें. लांबींत मात्र फरक जवळजवळ पडत नाहीं. या असमानतेमुळेंच फळीस बाक व पीळ येतो.

याचा हिशेब करून पाहूं. समजा, मेजाची फळी २० इंच रुंद आहे, तिची रुंदी कड्यांच्या दिशेनें आहे, आणि वैशाखापासून श्रावणापर्यंत तिचा ओलावा ५ टक्क्यांनीं वाढला. ३० टक्क्यांच्या फरकास साडेपांच टक्के, तर ५ टक्क्यांच्या फरकास त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारें ०·९ टक्के. वीस इंचांत हा फरक ०·१८ इंच होतो. म्हणजे पाव इंचास थोडा कमी. पावसाळ्यांत घराचें दार चौकटींत अडकतें त्याचें कारण हेंच. अशी फळी जर आडव्या दांड्यांवर दोन्ही कडांस खिळे ठोकून जखडली, तर दांडा लांबींत वाढत नाहीं व फळी रुंदींत वाढूं पाहते. या ओढाताणींत फळी फुगून वर उचलते, आणि पुढें उन्हाळ्यांत आकसतांना उभी चिरते. येथें खिळा कितीहि मोठा असला तरी उपयोग नाहीं. लाकडास अडवूं नये. त्याच्या हालचालीस वाट ठेवावी. सामानाच्या रचनेंतील बहुतेक नियम या एका नियमांतून निघतात.

म्हणून लाकूड वाळलेलें घ्यावें. कापलेली फळी सावलींत, हवा खेळेल अशी रचून, जाडीच्या दर इंचास सुमारें एक वर्ष ठेवावी, असा जुना ठोकताळा आहे. जुन्या घराच्या तुळया किंवा फळ्या मिळाल्यास फारच उत्तम. त्या कित्येक वर्षें वाळलेल्या असतात. मात्र करवत लावण्यापूर्वीं आंतील खिळे काळजीपूर्वक शोधून काढावे.

सरळपणाची परीक्षा

आतां प्रश्न असा कीं, मेज सपाट झालें हें ओळखावें कशानें? कारखान्यांतील पट्टी जवळ नसली तरी अडत नाहीं. एका पट्टीची कड रंधून घ्यावी व ती पाटावर ठेवून तिच्या कडेनें बारीक रेघ ओढावी. मग पट्टी रेघेच्या दुसऱ्या बाजूस उलटून, तीच कड त्याच दोन टोकांस लावून पुन्हां रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ आहे. मध्यें फट दिसली, तर दोष त्या फटीच्या निम्मा समजावा. कारण उलटल्यानें चूक दुप्पट होऊन दिसते. गुण्याचीहि परीक्षा अशीच होते. सरळ कडेस गुण्या लावून काटकोनांत रेघ ओढावी, व गुण्या उलटून त्याच बिंदूपासून दुसरी ओढावी. रेघा फांकल्या तर काटकोन खोटा.

फळीचा पीळ पाहण्यासाठीं दोन सरळ व सारख्या रुंदीच्या पट्ट्या तिच्या दोन टोकांस आडव्या ठेवाव्या आणि एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पहावें. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाहीं. नाहींतर जो कोपरा उंच दिसेल तो रंधावा.

मेजाची रचना

मेजाचा माथा साडेचार फूट लांब व अडीच इंच जाड असावा. तो एकाच रुंद फळीचा करण्याऐवजीं साडेनऊ इंच रुंदीच्या दोन फळ्यांचा करावा, व मध्यें अर्धा इंच फट ठेवावी. पाय तीन इंच चौरस असावे. उंची अशी असावी कीं, सरळ उभें राहून हात खालीं सोडला असतां मनगट माथ्याशीं यावें. बहुतेक विद्यार्थ्यांस ३० ते ३२ इंच पुरतात. फार उंच मेजावर रंध्यावर शरीराचा भार पडत नाहीं व केवळ दंड दुखतात.

पाय एकमेकांस चार इंच रुंद व दीड इंच जाड आडव्या दांड्यांनीं जोडावे. चौकोनाच्या बाजू कायम राहूनहि तो तिरपा होऊं शकतो, हें आपण भूमितींत शिकतों. मेज डुलतें तें यामुळेंच. केवळ खिळ्यांनीं हा दोष जात नाहीं. यासाठीं दांड्याच्या टोकास कुसूं, म्हणजे जिभेसारखा भाग, कोरावा व पायांत तेवढीच खाच पाडून तो तींत बसवावा. कुसवाची जाडी दांड्याच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे येथें अर्धा इंच असावी. त्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे पायास घट्ट टेकले पाहिजेत. मेज ताठ राहतें तें या खांद्यांवर. कुसूं आरपार काढून बाहेरच्या टोकास पाचर मारली म्हणजे सांधा सैल होत नाहीं. जोडण्यापूर्वीं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. समोरासमोरील बाजू सारख्या असून कर्णहि सारखे भरले तर चौकट काटकोनांत आहे.

माथा बसवितांना वरील नियम विसरूं नये. पुढील फळी पुढच्या कडेजवळ स्क्रूनें पक्की करावी, व तिच्या आंतल्या कडेकडील स्क्रूसाठीं भोक रुंदीच्या दिशेनें लांबट ठेवावें. मागील फळी याच रीतीनें मागच्या कडेस पक्की करावी. पावसाळ्यांत दोन्ही फळ्या आंतील फटीकडे वाढतील व कोणासहि इजा होणार नाहीं.

लाकूड आवळून धरणारा शेगडा नंतर घेतां येईल. आरंभीं माथ्याच्या डाव्या टोकास पाव इंच वर येणारी एक अडसराची पट्टी बसविली म्हणजे रंधकाम सुखानें होतें. रंध्याचें पातें पंचवीस ते तीस अंशांत घासून ठेवावें, आणि मांजराच्या पाठीवरून हात जसा केसांच्या कलानें फिरवितात, तसा रंधा तंतूंच्या कलानें चालवावा. ढलपी अखंड व पातळ निघाली तर पातें व दिशा दोन्ही बरोबर आहेत.

पुढील काम

मेज झाल्यावर प्रथम पाट करावा, मग तिवई, मग चौरंग. पाटाखालील पट्ट्या मध्यभागीं पक्क्या व कडांकडे लांबट भोकांत ठेवल्या म्हणजे वरची फळी चिरत नाहीं. तिवई खडबडीत जमिनीवरहि डुलत नाहीं. कारण कोणतेहि तीन बिंदु एका पातळींत असतातच. चौरंगाचा चौथा पाय त्या पातळींत आणणें हीच पुढची पायरी होय, आणि तेथें सपाट मेजाची खरी किंमत कळते. चौरंग मेजावर उभा करून जो पाय अधांतरीं राहील त्याखालीं कागदाच्या घड्या सरकवाव्या; तेवढ्याच जाडीनें इतर पाय कमी करावे लागतात. मेजच वांकडें असेल, तर ही परीक्षा खोटी ठरते.

यापलीकडे एक छोटासा प्रयोग सुचवितों. मेजाच्या दोन फळ्यांमधील फट मे महिन्यांत मोजून वहींत तारखेसह लिहावी. ऑगस्टमध्यें व पुन्हां जानेवारींत त्याच जागीं मोजावी. वर केलेला हिशेब आपल्या घरीं, आपल्या लाकडास कितपत लागू पडतो, हें त्या तीन आंकड्यांवरून समजेल. आणि पुढें कपाटाचें दार करतांना चौकटींत किती वाव ठेवावा, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.