बाळाचे कान आणि केसपेपर

आंबवड्यातल्या आयाबायांनो, थाळीच्या आवाजाने बाळ दचकलं म्हणजे त्याला बोलणंही ऐकू येतं, असं नाही. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्याच्या आत हवेत. "उशिरा बोलेल" हे डॉक्टरांचं तोंडी उत्तर घेऊन परतू नका; केसपेपरवर लिहून मागा.

चेन्नईत १९९६ साली वेळेआधी जन्मलेल्या मुलीचे डोळे वेळेत तपासले नाहीत, दृष्टी गेली. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. कानाबाबतही हाच मुद्दा मांडता येतो, पण कागद लागतात. लेखी अर्ज केल्यास दवाखान्याने ७२ तासांत द्यायचे असतात.

पैसे घेणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. बाई, मूल किंवा अनुसूचित जातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं.