दिवाळी सरली, पुस्तक मिटायचं का?

प्रश्न : दिवाळी कधीच संपली, तरी तीन वर्षांची मुलगी रोज दिवाळीचंच चित्रपुस्तक मागते आणि किल्ल्याच्या पानावरच अडते. पुस्तक पुढच्या वर्षापर्यंत ठेवून देऊ का?

उत्तर : मुळीच नको. सणाचं पुस्तक सणापुरतं, हा हिशेब मोठ्यांचा. या वयात तेच तेच ऐकून शब्द पक्के होतात. अमेरिकेत १९८८ मध्ये संशोधक व्हाइटहर्स्ट यांच्या अभ्यासात, चित्रांवर प्रश्न विचारत वाचणाऱ्या पालकांच्या मुलांची भाषा अधिक वाढलेली दिसली. तेव्हा पान उलटायची घाई नको. मावळा कुठे उभा आहे, अळीव कुठे उगवलेत, तिलाच सांगू द्या. प्रश्नांची परीक्षा मात्र होऊ नये. नवं काही कानावर पडणार नाही असं वाटत असेल, तर शेजारी संक्रांतीचं पुस्तक ठेवा, पण निवड तिची. फटाक्यांच्या चित्राला घाबरत असेल, तर ते पान खुशाल वगळा.