परदेशी जहाज मुंबईचा माल कोचीला का नेत नाही?

प्रश्न : माझा पुतण्या उरणला कंटेनरच्या ट्रेलरवर असतो. तो म्हणतो, न्हावा-शेव्याला आलेलं परदेशी जहाज पुढे कोचीला जातं, जागाही असते, तरी इथला माल तिथल्या बाजारासाठी घेत नाही. असं का? विमानांनाही हाच नियम आहे का?
– एक वाचक, सोनारी (ता. परंडा)

उत्तर : पुतण्या म्हणतो ते खरं. देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्याचा हक्क मुळात भारतीय जहाजांचा. परदेशी जहाजाला त्यासाठी नौवहन महासंचालकांचा परवाना लागतो. 1958च्या कायद्यात ही अट होती, 2025च्या किनारी नौवहन कायद्यातही आहे. जहाज कुठलं, हे नोंदणीवरून ठरतं. मागच्या बाजूला नावाखाली बंदर रंगवलेलं असतं. तिथे ‘पनामा’ किंवा ‘मोनरोव्हिया’ दिसलं की ते परदेशी, मग खलाशी कोकणातले का असेनात!

या हट्टामागे जुनी जखम आहे, आणि तिचा एक धागा तुमच्या शेजारच्या सोलापूरचा. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजींसोबत सिंधिया ही जहाज कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 रोजी तिचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणलं. किनारा देशी जहाजांसाठी राखावा असं विधेयक 1928 मध्ये साराभाई हाजींनी मांडलं, पण ते बारगळलं. राखीव किनारा मिळाला तो स्वातंत्र्यानंतरच.

2018 मध्ये सरकारने गाठ थोडी सैल केली. आयात-निर्यातीचे भरलेले कंटेनर आणि रिकामे कंटेनर परदेशी जहाज विनापरवाना हलवू शकतं. म्हणजे तुमच्याकडची साखर परदेशी जायची असेल, तर मोठ्या जहाजावर चढवायला ती अशा जहाजातून दुसऱ्या भारतीय बंदरात नेता येते. पूर्वी असा बराच माल कोलंबोला उतरायचा आणि हाताळणीची कमाई तिकडे जायची. ही सवलत मला योग्य वाटते.

विमानांची गोष्ट थोडक्यात. 1944च्या शिकागो करारातलं सातवं कलम प्रत्येक देशाला अंतर्गत वाहतूक स्वतःच्या कंपन्यांसाठी राखू देतं. त्यामुळे परदेशी कंपनी मुंबई-दिल्ली तिकीट विकू शकत नाही. तिला भारतीय कंपनीत भागीदारी मात्र घेता येते. 2012 पासून मर्यादा 49 टक्के. सिंगापूर एअरलाइन्स त्याच वाटेने एअर इंडियात आली. युरोपीय संघाने 1997 मध्ये आपसात दारं उघडली, म्हणून आयर्लंडची रायनएअर इटलीच्या दोन शहरांमध्येही उडते. आपण ते दार आणखी काही वर्षं बंद ठेवलं तरी बिघडत नाही.