दहा माडग्याळ मेंढ्या पाळायला किती पैसे लागतात?

लोकरीसाठी आता मेंढी पाळण्यात अर्थ नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही. मटणासाठी पाळायची तर जत भागातली माडग्याळ बघा. लोकर कमी, पाय उंच, नाक पोपटासारखं बाकदार आणि कोकरांची वाढ जोरात. जुळी मात्र क्वचितच देते.

दहा मेंढ्या, एक नर धरू. मेंढी 15 हजार, नर 25 हजार. म्हणजे पावणेदोन लाख जनावरांतच गेले. माडग्याळ नराला लाखोंची बोली लागल्याच्या बातम्या येतात. तो हौसेचा बाजार, मटणाच्या धंद्यात त्याचा विचार करू नका. मेंढी घेताना जबडा उघडून बघा. दोन दाती असेल तर साधारण दीड वर्षाची. मग डोळ्याची खालची पापणी ओढा. आतून तांबूस हवी; पांढरट दिसली तर रक्त कमी आहे, बहुधा पोटात जंत. दुसरी बघा.

गोठ्यात मेंढीमागे 10 चौरस फूट जागा लागते. जुने पाइप, पत्रे आणि घरची मेहनत असेल तर 30 हजारांत भागतं.

वर्षाचा खर्च असा: गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे आणि विल्यावर दोन महिने रोज पाव किलो खुराक, दहा मेंढ्यांचे साडेसात हजार. उन्हाळ्याचे चार महिने कडबा साडेदहा हजार, कोकरांचा खुराक चार हजार, जंतनाशक आणि आंत्रविषार, पीपीआर वगैरे लसी तीन हजार. एकूण 25 हजार. गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालून पैसे वाचवू नका. त्यातलं तांबं तिच्या यकृतात साचतं आणि ती मरते.

आता जमेची बाजू. वर्षाला एक वेत, नऊ कोकरं, एक दगावलं, दोन माद्या घरी ठेवल्या. उरलेली सहा 25 किलोंची झाल्यावर जिवंत वजनाला 400 रुपये भावाने विकली, तर 60 हजार. हातात 35 हजार, म्हणजे महिन्याला तीन हजारही नाहीत. विमा यात धरलेला नाही. लेंडीखत घरच्या शेताला, ते वेगळं.

राष्ट्रीय पशुधन अभियानाचं 50 टक्के अनुदान 100 मेंढ्या आणि 5 नरांपासून पुढे आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. आणि चारायला पगारी गडी ठेवावा लागणार असेल, तर दहा मेंढ्या घेऊच नका.