ठासणीच्या बंदुकीची झिलई : जुन्या कारागिरीचे जतन

सुरतेतील लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कापड उद्योगात राबणारी ही मंडळी सणावाराला तापीकाठच्या आपल्या मूळ गावी जातात. तेथील एखाद्या जुन्या घरात पूर्वजांची ठासणीची बंदूक क्वचित आढळते. तिचा तपकिरी रंग म्हणजे निव्वळ गंज, असे समजून ती घासून चकचकीत करण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे तिचे कायमचे नुकसान होते.

तपकिरी रंगाचे मर्म

तोंडाकडून दारू व गोळी भरून ती गजाने ठासावयाची, म्हणून हिला ठासणीची बंदूक म्हणतात. नळी घडविल्यावर कारागीर ती कानशीने व नंतर कुरुंदाने घासून एकसारखी करीत असे. एकोणिसाव्या शतकातील अनेक नळ्यांवर मुद्दाम हलका गंज चढविलेला असे. सुटा गंज काढून तो पुन:पुन्हा चढविल्यावर घट्ट तपकिरी थर बसे आणि त्यावर तेल दिले जाई. या थरामुळे नळी उन्हात चमकत नसे व ओलाव्यापासून तिचे रक्षण होई. लहान पोलादी भागांना उष्णतेने रंग येई. सुमारे २२० अंश सेल्सिअसला पोलाद पिवळसर होते, तर ३०० अंशांच्या जवळपास निळे. काही नळ्यांवर बारीक रेघा कोरून त्यांवर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवीत. या कामास कोफ्तगरी म्हणतात. हे सर्व थर अतिशय पातळ असतात. पॉलिश कागदाने ते काही मिनिटांत नाहीसे होतात.

प्रथम सुरक्षितता

नळीत जुनी दारू शिल्लक असू शकते. कोरडी राहिलेली दारू कित्येक वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून नळी तापवू नये, आत गज ठोकू नये, घोडा ओढू नये. अशी बंदूक सापडल्यास पोलीस ठाण्यास कळवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय बंदूक बनविणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या पुरातन बंदुकांना कलम ४५ मध्ये सूट आहे. मात्र तसा निर्णय घरच्या घरी करू नये.

निगा कशी राखावी ?

रिकामी असल्याची जाणकाराने खात्री केलेली व कायदेशीररीत्या बाळगलेली बंदूक कोरड्या सुती फडक्याने पुसावी. फडक्यास लाल भुकटी लागल्यास गंज वाढत आहे असे समजावे आणि वस्तुसंग्रहालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भुकटी लागत नसेल, तर यंत्राच्या पातळ तेलाचा हलका हात पुरेसा आहे. चिंच, लिंबू, राख वा विटकरीची पूड कदापि वापरू नये. घामातील क्षारांनी गंज चढतो, म्हणून हातमोजे घालावेत. ओल धरणाऱ्या भिंतीवर बंदूक टांगू नये.

शिक्षकांसाठी

हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येते. दोन लोखंडी खिळे घ्यावेत. एकास तेल लावावे, दुसरा कोरडा ठेवावा. दोन्ही वेगवेगळ्या ओल्या कापडांत आठवडाभर ठेवून मुलांना फरक पाहू द्यावा. गंज कशाने चढतो व कशाने थांबतो हे ज्या मुलास उमगले, तो घरातील जुनी वस्तू घासण्यापूर्वी खचित विचार करील.